घड्याळवाल्याची थोरली

१

साक्षीदार येणार नाही हे कळलं तेव्हा नेस्टा प्रॉथेरोबाईंच्या हातात वेल्श केकचा दुसरा तुकडा होता. तो त्यांनी बशीत परत ठेवला. नेस्टाबाईंनी खाणं अर्धवट टाकलं की काहीतरी आक्रीत घडलंय असं समजावं, हे कार्डिफच्या खाडीवरच्या त्या विधानसभेत शिपायापासून सभापतींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

फोनवर सिस्टर मेरेरिद होती. नँटहेलीच्या दवाखान्यातली मुख्य परिचारिका.

"बाई, मी येत नाही. काल माझ्या बदलीचा हुकूम आला. पार उत्तर किनाऱ्यावर. वर साहेबांचा निरोप, की समितीपुढे तोंड उघडलंस तर पेन्शन विसर. तुम्ही तर म्हणाला होतात, माझं नाव बंद खोलीबाहेर जाणार नाही!"

"मेरेरिद, माझं ऐक जरा—"

"तुमच्यातल्याच कुणीतरी विकलं मला. ठेवते."

नेस्टाबाईंनी फोन खाली ठेवला. पूर्वी त्या वकील होत्या, खून-मारामाऱ्यांचे खटले लढलेल्या. आता या विधानसभेच्या अर्ज समितीच्या अध्यक्ष. वेल्समधल्या कुणीही साध्या माणसानं पुरेशा सह्या गोळा करून गाऱ्हाणं मांडलं, की ते या समितीपुढे येतं. मोठ्या समित्यांतले लोक हसायचे, "नेस्टाची समिती म्हणजे गावच्या तक्रारींची पेटी." बाई म्हणायच्या, "असू दे. तुमच्या दारात मंत्री येतात, माझ्या दारात माणसं येतात."

नँटहेलीचं गाऱ्हाणं साधं होतं. डोंगरातलं गाव आणि मूठभर खाटांचा दवाखाना. आरोग्य मंडळ म्हणत होतं, खाटा रिकाम्या पडून असतात, कुलूप लावा. गाव म्हणत होतं, खाटा मुद्दाम रिकाम्या ठेवतात आणि रोग्यांना घाटापलीकडे पिटाळतात. पण खाटा रिकाम्या ठेवायचा हुकूम कुणी दिला, हे सांगू शकणारं माणूस एकच, ती मेरेरिद. आज दुपारी तिनं साक्ष दिली नाही तर समितीला अर्ज बंद करावा लागणार होता, आणि हिवाळ्याच्या आत दवाखान्याला कुलूप लागणार होतं.

विधानसभेत तिचं नाव दोघींनाच माहीत होतं. एक खुद्द नेस्टाबाई आणि दुसरी समितीची चिटणीस लोवरी.

दार वाजलं. लोवरी आत आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं टेबलावर एक पाकीट ठेवलं.

"राजीनामा आहे," ती म्हणाली. "मेरेरिदनं आधी मलाच फोन केला. सगळे म्हणणारच मी केलं. मग आधीच जाते."

२

"उचल ते," नेस्टाबाई म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची माझी पद्धत नाही. बस. केक खा."

"मला नाही जाणार, बाई."

"मलाही जात नव्हता, म्हणून तर उरलाय. खा आणि आठव. मेरेरिदचं नाव तू कुठे घेतलंस?"

"फक्त इथे. या खोलीत, दार लावून. आईची शपथ!"

"त्याच्या आधी? मागच्या आठवड्यात, मला ते सांगितलंस त्या दिवशी सकाळपासून सांग."

लोवरीनं डोळे पुसले. "सकाळी एम्लिनकाकांचा फोन आला. मग मी तुम्हाला शोधत खाली आले. तुम्ही चहाला बसला होतात. मी तुमच्या कानाशी येऊन वेल्शमध्ये सांगितलं..." ती एकदम थांबली. "पण मी नाव नाही घेतलं, बाई! एम्लिनकाका फोनवर जे बोलले तेच म्हटलं. 'घड्याळवाल्याची थोरली तयार आहे.'"

नेस्टाबाईंना आठवलं. त्यांनी विचारलं होतं, "ही कोण आणखी?" आणि लोवरी म्हणाली होती, "वर चला, सांगते."

नँटहेलीत माणसाला आडनावानं कुणी ओळखत नाही. सगळ्या खोऱ्यात तीच चार आडनावं, त्यामुळे माणूस त्याच्या धंद्यावरून नाहीतर शेतावरून ओळखायचा. अर्ज करणारा एम्लिन हा गाडीवाला एम्लिन, कारण त्यानं जन्मभर दवाखान्याची गाडी चालवली. आणि मेरेरिदचा बाप चॅपलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, घड्याळाला किल्ली द्यायचा, म्हणून तो घड्याळवाला.

"म्हणजे बघ," नेस्टाबाई उठून येरझाऱ्या घालू लागल्या. "ते वाक्य ऐकून मेरेरिदला ओळखायचं, तर त्या माणसाकडे दोन किल्ल्या हव्यात. एक वेल्श भाषेची, दुसरी नँटहेलीची. मी स्वतः वेल्श बोलत वाढले, तरी मला कळलं नव्हतं. टेबलाशी कोण होतं?"

"डेनिस क्रॅडॉक. होडन वॉर्सामे. आणि आपले सल्लागार, पार्फिटसाहेब."

"चौथे सभासद?"

"ते आजारीच आहेत की, महिन्यापासून."

नेस्टाबाई थबकल्या. न्यूपोर्टचा डेनिस, कार्डिफच्या बंदरावर वाढलेली सोमाली घरातली होडन, आणि लंडनकडून आलेला पार्फिट. नँटहेलीचं त्यांतलं कुणीच नव्हतं.

३

डेनिस क्रॅडॉक उपाहारगृहात काउलच्या, म्हणजे मटणाच्या पातळ रश्श्याच्या, वाडग्यावर वाकला होता. त्याच्या कोटावर वेल्श शिकणाऱ्यांचा बिल्ला होता आणि त्याच्यावर रस्सा सांडला होता. नँटहेलीच्या अर्जाला उघड विरोध करणारा समितीत हा एकटाच.

"डेनिस, आरोग्य मंडळाच्या अध्यक्षांबरोबर परवा जेवलास म्हणे."

"जेवलो. मटण चिवट होतं," डेनिस मान वर न करता म्हणाला. "नेस्टा, सरळ विचार ना. तुझी साक्षीदार फुटली आणि तुला वाटतंय मी फोडली."

"तुला कसं कळलं ती फुटली?"

"अगं, लोवरी जिन्यात हुंदके देत होती, 'बिचाऱ्या सिस्टरची पेन्शन' म्हणत. आंधळ्यालाही दिसलं असतं." त्यानं चमचा खाली ठेवला. "हे बघ, मला तो दवाखाना नकोय. तो पैसा माझ्या न्यूपोर्टला हवाय. हे मी तोंडावर सांगतो, टीव्हीवर सांगतो. पण बाईमाणसाच्या पेन्शनवर उठायचं? माझी आई जन्मभर परिचारिका होती. तू मला ओळखतेस किती वर्षं?"

"नको तितकी. मागच्या आठवड्यात लोवरी माझ्या कानाशी काय बोलली ते ऐकलंस?"

डेनिस लाजला. एवढा धिप्पाड गडी, पण कानापर्यंत लाल झाला. "ऐकलं. माझ्या मास्तरणीनं सांगितलंय, कानावर पडेल ते पकडायचं. मी दोन शब्द पकडले. 'घड्याळ' आणि 'मोठी'. मला वाटलं, तू भिंतीवरचं मोठं घड्याळ घेतेयस."

नेस्टाबाईंना अशाही वेळी हसू फुटलं.

"हस, हस! बैठकीत इंग्रजी भाषांतर ऐकवणाऱ्या त्या हेडफोनवर विसंबून राहावं म्हटलं तर तेही धड नाही. मागच्या आठवड्याच्या बैठकीत तुझा म्हातारा एम्लिन रंगात येऊन बोलत होता, आणि ऐन वेळी माझ्या कानात काय? खोकला! दुभाषीण अशी खोकली की मी खुर्चीतून उडालो. पुढे मागे काही लागलंच नाही."

नेस्टाबाई उठल्या. डेनिस खरं बोलत होता असं त्यांचं मन सांगत होतं. पण मनाचं सांगणं न्यायालयात चालत नाही, हे त्या पक्कं जाणून होत्या.

४

होडन वॉर्सामे समितीतली सगळ्यांत तरुण सभासद. ती खिडकीशी उभी राहून खाडीतल्या होड्या बघत होती. नेस्टाबाईंनी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "मी ऐकलं होतं. आणि मला सगळं कळलं होतं."

नेस्टाबाईंनी जवळची खुर्ची ओढली.

"माझी सगळी शाळा वेल्शमधून झाली, बाई. लोकांना माझा चेहरा बघून वाटतं हिला कुठलं येतंय. बसमध्ये माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलतात बिचारे! घड्याळवाल्याची थोरली तयार आहे. शब्दन् शब्द कळला. पण ती कोण हे मला आजही माहीत नाही. मला वाटलं, नँटहेलीत कुणाचं घड्याळाचं दुकान असेल."

"कुणाला बोललीस?"

"माझ्या लहानपणी आजीला, दुभाष्या नाही म्हणून, डॉक्टरांनी परत पाठवलं होतं. दवाखान्याच्या दारातून परत येणं काय असतं ते मी आमच्या घरात ऐकलंय. मी का बोलेन?" होडनचा आवाज चढला, मग ती खजील झाली. "माफ करा. पण एक सांगू? त्या दिवशी बैठकीत मला फार बावळटासारखं वाटलं. एम्लिनआजोबा म्हणाले ना, मंडळ म्हणतं घाटापलीकडे अर्ध्या तासात पोचाल, कुणाच्या घड्याळानं, आमच्या चॅपलच्या? नँटहेलीची सगळी मंडळी पोट धरून हसली. मी मात्र ढिम्म. भाषा कळून काय उपयोग, गंमत कळली नाही तर!"

"मलाही नव्हती कळली," नेस्टाबाई म्हणाल्या. "नंतर एम्लिननं सांगितली. घड्याळवाल्याची बायको चॅपलला नेहमी उशिरा यायची. तिची लाज राखायला तो घड्याळच मागे ठेवायचा. सगळं गाव उशिरा, म्हणजे ती वेळेवर."

होडन खळखळून हसली. नेस्टाबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या मनात पाल चुकचुकली. का, ते त्यांनाच सांगता आलं नसतं.

राहिला होता जूलियन पार्फिट. समितीनं नेमलेला आरोग्याचा जाणकार. चांदीसारखे केस, रेशमी रुमाल, बोलणं लोण्याहून मऊ. त्यानं नेस्टाबाईंसाठी स्वतः चहा ओतला.

"काय दुर्दैव, मॅडम. मला तर एक शब्दही येत नाही वेल्शचा. जे काय कळतं ते हेडफोनच्या कृपेनं. तुम्ही दोघी टेबलाशी काय कुजबुजलात, ते माझ्या दृष्टीनं पाखरांचं बोलणं."

"नँटहेलीत कुणी ओळखीचं?"

"छे हो! पाहणीला गेलो तेव्हाच काय ते पाहिलं गाव." तो हळूच पुढे झुकला. "वाईट वाटतं बोलायला, पण बाहेरच्यांत शोधण्यापेक्षा आपल्या चिटणीसबाईंकडे... वय लहान आहे. चूक होते."

"अर्ज बंद झाला तर तुम्हाला काय वाटेल?"

"खेद. मनापासून. तो म्हातारा मला आवडला. काय ती घड्याळाची कोटी! हेडफोनवर ऐकूनसुद्धा मी खुर्चीतून पडायचा राहिलो."

नेस्टाबाईंनी चहाचा पेला शांतपणे खाली ठेवला. "बरं आठवलंत," त्या म्हणाल्या. "माझं जरा वर काम आहे."

जिना चढताना त्या जवळजवळ पळत होत्या.

५

समितीच्या बैठका टीव्हीवर दाखवतात आणि जपूनही ठेवतात. लोवरीनं मागच्या आठवड्याची बैठक पडद्यावर लावली.

एम्लिन दिसला. घोटून दाढी केलेला, टाय बांधलेला. "अर्ध्या तासात? कुणाच्या घड्याळानं, आमच्या चॅपलच्या?" मागे प्रेक्षकांत नँटहेलीची मंडळी फुटली. टेबलाशी डेनिस कानातला हेडफोन उपटत होता. होडन गोंधळलेली. खुद्द नेस्टाबाई भुवया चढवून बसलेल्या. आणि टेबलाच्या कडेला जूलियन पार्फिट, कानाला हेडफोन, खांदे गदगदा हलतायत, रुमाल तोंडावर दाबलेला.

"हसणाऱ्याबरोबर हसला असेल," लोवरी म्हणाली.

"असेल. आता हेच इंग्रजीत लाव. दुभाषिणीचा आवाज, हेडफोनमध्ये जातो तो."

लोवरीनं लावलं. दुभाषिणीचा स्वच्छ आवाज आला, "मंडळ म्हणतं, अर्ध्या तासात पोचाल..." आणि मग खोकला. चांगला दणदणीत, लांबलचक खोकला. तो थांबला तेव्हा एम्लिन पुढच्या गोष्टीवर गेला होता.

लोवरीनं तोंडावर हात ठेवला.

नेस्टाबाईंनी दुभाषिणीला बोलावलं. शिवान नावाची ती बाई घाबरत घाबरत आली. "बाई, घशात बिस्किटाचा तुकडा अडकला होता. वाक्य सुटलं. मला वाटलं कुणाच्या लक्षात आलं नसेल."

"शिवान, तू खोकलीस म्हणून तुझा मुका घ्यावासा वाटतोय मला! लोवरी, त्या बैठकीचा छापील वृत्तान्त?"

"अजून माझ्याकडेच आहे. कुणाला दिलेला नाही."

"आता दुसरी किल्ली," नेस्टाबाई म्हणाल्या. "पाहणीचा दिवस आठव. आपण सगळे दवाखान्याच्या पुढच्या दाराशी घंटा वाजवत थंडीत कुडकुडत उभे होतो. कुणी उघडेना."

"कारण तिथे पुढचं दार कुणी वापरतच नाही. सगळे बाजूच्या दारानं जातात, कपडे धुण्याच्या खोलीतून. पुढचं दार फक्त शवपेटी न्यायला उघडतात." लोवरीचा आवाज हळूहळू मंदावला. "आणि आपल्याला आत घेतलं तेव्हा पार्फिटसाहेब आधीच आत बसून चहा पीत होते."

"त्याला बाजूचं दार कुणी दाखवलं, लोवरी? गाव पहिल्यांदाच बघत होता ना?"

लोवरीचा हात फोनकडे गेला.

"एम्लिनला बोलाव," नेस्टाबाई म्हणाल्या. "गावाची बस आली असेल. आणि त्याला विचार, नँटहेलीतून लहानपणी गेलेला, परत न आलेला मुलगा कोण."

६

सार्वजनिक बैठकीआधी समिती नेहमी बंद दाराआड बसते. नेस्टाबाई, डेनिस, होडन, लोवरी आणि जूलियन पार्फिट. एम्लिन दाराशी टोपी हातात धरून उभा राहिला. पार्फिटनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"जूलियन," नेस्टाबाई म्हणाल्या, "सकाळी तुम्ही म्हणालात, घड्याळाची कोटी हेडफोनवर ऐकलीत."

"ऐकली की."

"डेनिस, तू काय ऐकलंस?"

"खोकला!" डेनिस गरजला. "सांगितलं ना, खोकला!"

"खोकलाच. हेडफोनमध्ये घड्याळाचा शब्दसुद्धा गेला नाही. मी ऐकलंय, हवं तर तुम्हालाही ऐकवते. मग ती कोटी घड्याळाची होती हे तुम्हाला कळलं कसं?"

पार्फिटचं हसू जागच्या जागी राहिलं. "वृत्तान्तात वाचलं असेल."

"वृत्तान्त अजून लोवरीच्या कपाटात आहे."

"मग कुणीतरी सांगितलं असेल. मॅडम, हसण्यावरून माणसाला चोर ठरवता?"

"नुसतं हसण्यावरून नाही. होडनला वेल्श येतं, पण ती हसली नाही. मी वेल्श बोलत वाढले, मीही हसले नाही. त्या घड्याळाखाली जो बसलाय, त्यालाच ती गंमत कळते. आणि ज्याला घड्याळवाला माहीत, त्यालाच त्याची थोरली माहीत. दवाखान्याचं बाजूचं दार तुम्हाला कुणी दाखवलं, जूलियन?"

पार्फिट उठला. "मी हे ऐकून घ्यायला बांधील नाही." तो दाराकडे वळला. दारात एम्लिन होता.

म्हाताऱ्यानं वाट सोडली नाही. त्यानं पार्फिटच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, आणि वेल्शमध्ये अगदी हळू म्हणाला, "डोळे बापाचे घेतलेस. माझ्या कसं लक्षात आलं नाही? पाद्रीबाबांचा येयान."

पार्फिट एक पाऊल मागे सरला.

"तुझ्या बापाचं प्रवचन दर रविवारी उशिरा सुरू व्हायचं त्या घड्याळापायी. चिडायचा बिचारा. त्यानं डोळे मिटले ते त्याच दवाखान्यात. पुढच्या दारानं आम्ही त्याला खांद्यावर नेलं. तू मागून चालत होतास, एवढासा. आणि तुझा हात कुणी धरला होता, आठवतं?"

पार्फिटनं मान खाली घातली.

"घड्याळवाल्याच्या थोरलीनं," एम्लिन म्हणाला. "मेरेरिदनं. तुझी आई दुसरं लग्न करून इंग्लंडला गेली, नाव बदललं, सगळं बदललं. त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही रे. पण त्या पोरीला विकलंस?"

पार्फिटनं मान वर केली. मग तो बोलला, आणि तो बोलला ते वेल्शमध्ये. खास नँटहेलीच्या हेलात, जसं एखादं पोर बोलेल तसं. "तिला माहीत आहे का, मी होतो ते?"

"अजून नाही."

"शाळेत भाषेवरून हसायचे मला. एकदा लपवली ती लपवतच गेलो. मंडळानं नव्या रुग्णालयाचं संचालकपद देतो म्हटलं. मी एवढंच सांगितलं, कोण बोलणार आहे ते. तिला त्रास देतील असं..."

"वाटलं नव्हतं?" होडन उसळली. "मग काय, फुलं देतील असं वाटलं होतं?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, येयान," नेस्टाबाई म्हणाल्या. "आता जे बोललास ते सभापतींसमोर बोलायचं. आणि तुझ्या मंडळाला सांगायचं, की या सभागृहाच्या साक्षीदाराला धमकावणं म्हणजे काय, ते मी त्यांना शिकवणार आहे. बदलीचा हुकूम संध्याकाळपर्यंत मागे. नाहीतर पुढच्या बैठकीला तेच टेबलाच्या त्या बाजूला बसतील आणि प्रश्न मी विचारेन."

पार्फिट बाहेर गेला. डेनिसनं सुस्कारा सोडला. "सगळं छान, नेस्टा. पण चोर सापडला म्हणून साक्षीदार थोडीच सापडली? ती तिकडे, डोंगरात."

एम्लिननं टोपी डोक्यावर ठेवली. "डोंगरात कुठे? खाली बसमध्ये बसलीय. सकाळपासून. येत नाही म्हणाली, तरी आली आमच्याबरोबर, पण उतरायला तयार नाही."

७

खाली कुणी जायचं यावर वाद झालाच नाही. लोवरी केव्हाच जिना उतरली होती.

बसमध्ये मेरेरिद शेवटच्या बाकावर, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसली होती. लोवरी तिच्यासमोर उभी राहिली. "तुम्हाला वाटलं मी विकलं. मीही तुमच्या जागी असते तर तेच वाटलं असतं." आणि मग तिनं सगळं सांगितलं. येयानचं नाव आलं तेव्हा मेरेरिदनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"लहानपणी अंधाराला फार भ्यायचा तो," ती म्हणाली. मग तिनं डोळे पुसले आणि उठली. "चल. बंद खोलीबिली नको आता. सगळ्यांसमोर बोलते."

बैठक सुरू झाली होती. नेस्टाबाई वेळ काढत होत्या; सूचना क्रमांक वाचत होत्या, पाणी पीत होत्या, पुन्हा वाचत होत्या. दार उघडलं आणि लोवरीचा हात धरून मेरेरिद आत आली. प्रेक्षकांत नँटहेलीची मंडळी उठून उभी राहिली. नियमाप्रमाणे त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण वेल्श माणसांना आनंद झाला की ती आधी गातात आणि मग नियम वाचतात. कुणीतरी सूर लावला आणि सगळ्या बाकांनी तो उचलला. नेस्टाबाईंनी हातोडीकडे हात नेला आणि परत घेतला.

"समितीला ऐकू येत नाहीये," त्या डेनिसला म्हणाल्या. "हेडफोन बिघडलाय बहुतेक."

"पूर्ण बिघडलाय," डेनिस म्हणाला, आणि त्याला येणाऱ्या एकुलत्या एका कडव्याचा शेवट त्यानं सुरात घातला.

मग मेरेरिद बोलली. वेल्शमध्ये, सावकाश. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कुठल्या रोग्याला खाट रिकामी असताना घाटापलीकडे पाठवलं, आणि त्यातली कोणती म्हातारी वाटेतच गेली. ती कुणाबद्दल वाईट बोलली नाही, फक्त घडलं ते सांगितलं. दुभाषीण शिवान एकदाही खोकली नाही.

मतदानाची वेळ आली. होडननं हात वर केला. नेस्टाबाईंनी डेनिसकडे पाहिलं.

"बघतेस काय अशी?" डेनिस घसा खाकरून म्हणाला. "न्यूपोर्टसाठी मी पुढच्या महिन्यात भांडेनच. आज हा माझ्या आईचा हात आहे असं समज." आणि त्याचा भलाथोरला हात वर गेला.

अर्ज एकमतानं पूर्ण सभागृहात गेला. तिथे चर्चा अशी गाजली की आरोग्यमंत्र्यांनी भाषण संपायच्या आतच कुलपाचा निर्णय मागे घेतला. मंडळाचे अध्यक्ष घरी बसले. लोवरीचं ते पाकीट नेस्टाबाईंनी तिच्यासमोर फाडलं आणि त्याचे तुकडे तिच्याकडूनच टोपलीत टाकून घेतले.

वसंतात नँटहेलीनं समितीला जेवायला बोलावलं. नेस्टाबाई मोटारीतून उतरल्या आणि शहाण्यासारख्या बाजूच्या दाराकडे निघाल्या.

"बाई, तिकडून नाही!" एम्लिन ओरडला. "आज पुढून!"

पुढचं दार नव्यानं रंगवलं होतं. सगळं गाव पायऱ्यांखाली जमलं होतं. मेरेरिद गणवेशात उभी होती. फीत कापायची होती तिच्या आईनं, म्हणजे घड्याळवाल्याच्या बायकोनं. आणि आईचा पत्ता नव्हता.

"येईल," मेरेरिद म्हणाली. "तिची वेळ झालेली नाही अजून."

बराच वेळ गेला. डेनिस 'बारा ब्रिथ' नावाच्या मनुकांच्या गोड पावाच्या ताटाकडे आशेनं बघत होता. शेवटी उतारावरून काठी टेकत म्हातारी आली, डोक्याला चांगली टोपी, कसलीही घाई नाही. नेमके त्याच वेळी पलीकडे चॅपलच्या घड्याळाचे ठोके पडले.

"बघा," म्हातारी म्हणाली. "वेळेवर आले."

नवरा जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण घड्याळ गावानं तसंच मागे ठेवलं होतं. हशाचा लोंढा उठला. या वेळी होडनही हसली, नेस्टाबाईही हसल्या आणि डेनिस तर सगळ्यांच्या वर हसला.

म्हातारीनं फीत कापली. लेकीनं दार ढकललं. इतकी वर्षं माणसं फक्त बाहेर नेणाऱ्या त्या दारातून म्हातारी आत शिरली, उंबऱ्यावर थांबली आणि गावाकडे वळून म्हणाली,

"या दारानं जिवंत आत आलेली मी पहिली! आणि आधीच सांगून ठेवते, घरी जाताना मी बाजूच्याच दारानं जाणार आहे."